भाऊजी आणि पहिल्या खेपेचा कॉम्प्युटर

बाजारात आलेली वस्तू सगळ्यांच्या आधी विकत घेणारा माणूस हा कंपनीचा बिनपगारी नोकर असतो, असं माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मानतात. आणि हे मत त्यांच्याइतक्या निष्ठेनं पाळणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या अकोला शहरात मिळायचा नाही. देवावर त्यांची श्रद्धा आहे, पण देव जुना आहे म्हणून. नव्यानं प्रसिद्धीला आलेल्या देवस्थानाला ते दहा वर्षं तरी हात जोडत नाहीत. ‘चालू तर द्या आधी,’ म्हणतात. हॉटेलात आलूबोंड्याचा पहिला घाणा निघाला की सगळ्यांचे हात पुढे होतात आणि भाऊजींचे हात खिशात जातात. पहिला घाणा तेल तपासण्यासाठी असतो, खाण्याचा माल दुसऱ्या घाण्यापासून सुरू होतो, असं त्यांचं शास्त्र. या शास्त्रापायी परतवाड्याच्या स्टँडवर एकदा त्यांची बस निघून गेली. भाऊजी हातात गरम आलूबोंडा घेऊन समाधानानं उभे होते. मागून येणारी बस त्यांना तशीही जास्त भरवशाची वाटते.

गावात नवा पूल झाला तेव्हा एक सबंध पावसाळा ते पुलावरून न जाता पुलाखालच्या रस्त्यानं दुकानात जात. ताई म्हणाली, “पूल पडला तं खाली तुमीच सापडसान न!” यावर भाऊजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवसापासून तो रस्ताच सोडला. लग्नाच्या वेळी ताईला पाहायला आमच्या भातकुलीच्या घरी ते दोनदा आले होते. पहिल्यांदा सात वडीलधाऱ्यांसोबत आले आणि पोहे खाऊन एक शब्द न बोलता गेले. आठवड्यानं भर दुपारी एकटेच आले आणि ओसरीवर उभं राहून ताईला विचारलं, “तुमचं काही म्हणणं आहे काय?” हा प्रश्न त्या काळी आमच्याकडे मुलीला कोणी विचारत नसे. आमच्या वडिलांना वाटलं, मुलाला नकार द्यायचा आहे. पुढे कधीतरी मी त्यांना दुसऱ्या फेरीचं कारण विचारलं, तर म्हणाले, “माह्यं पाहणं झालं होतं. तिचं बाकी होतं.”

अशा माणसावर वयाच्या साठीत जगातला सगळ्यात नवा कॉम्प्युटर घ्यावा की नाही, हे ठरवण्याची पाळी आली.

भाऊजींचं अकोल्यात लग्नपत्रिका छापण्याचं दुकान आहे. मजकूर लावायचं, त्याची अक्षरं जुळवायचं काम तीन जुन्या कॉम्प्युटरांवर चाले. त्यांच्यातलं मराठीचं सॉफ्टवेअरही त्यांच्याच वयाचं. अंगठ्याएवढी, पेनड्राइव्हसारखी एक किल्ली कॉम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय ते उघडतच नसे. ही किल्ली हरवली तर दुसरी देणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, म्हणून भाऊजी दुकान बंद करताना ती काढून घरी नेत आणि देव्हाऱ्यात ठेवत. बारा-पंधरा तालुक्यांतली लग्नं त्या किल्लीवर लागलेली आहेत.

तीनही कॉम्प्युटर थंडीत कुरकुरत का होईना चालत. पण अकोल्याचा मे महिना त्यांना सोसत नसे, आणि लग्नं तर मे महिन्यातच. भाऊजींनी त्यांची झाकणं काढून टाकली होती. प्रत्येकापुढे एक टेबलफॅन लावला होता आणि स्वतः मात्र ते उरलेल्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसत. अशाच एका मे महिन्यात तेल्हाऱ्याहून एक मंडळी पत्रिका करायला आली. वराचं नाव टाइप झालं आणि मशीन तापून बंद पडलं. थंड करून पुन्हा लावलं, पुन्हा वराचं नाव आलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा वधूपित्याचा चेहरा उतरला. “भाऊ, मशीन आमच्या पोरीच्या नावावर येऊनच नाही राहिली. हा काही इशारा समजाचा काय?” भाऊजींनी त्यांना पाणी दिलं आणि चौथ्या वेळी वधूचं नाव आधी टाइप केलं.

हा सगळा प्रकार त्यांची मुलगी प्रांजली कोपऱ्यातून पाहत होती. ती त्यांची एकुलती एक. डिझाइनचा कोर्स करायला तीन वर्षं अमरावतीला आमच्याकडे राहिलेली, आणि हातात खरोखरच कला असलेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नव्या वर्षात येऊन रुजू हो म्हणून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, “बाबा, मले पुण्याले जायची हौस नाही. मी दुकानातच थांबतो. पण ह्या तीन भट्ट्यांवर मी काम करणार नाही. नवीन घ्या.”

नवीन म्हणजे तिच्या मनात जे होतं, ते त्याच वर्षी बाजारात उतरलं होतं. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. आजवर दुकानांतले बहुतेक कॉम्प्युटर एकाच घराण्याच्या मेंदूवर चालत आले. आता मोबाइलच्या घराण्यातला, अगदी वेगळ्या रचनेचा मेंदू घालून एका कंपनीनं लॅपटॉप काढले होते. ते तापत नाहीत, त्यांच्यात पंखासुद्धा नाही, वीज गेली तरी दिवसभर चालतात, अशी त्यांची कीर्ती. अकोल्यातल्या मे महिन्याला याहून चांगलं स्थळ सांगून आलं नसतं. फक्त एकच दोष होता. ती पहिली खेप होती.

भाऊजींनी मला फोन केला. “साळेबुवा, तुमी प्राध्यापक आहा. सांगा, घेऊ का नको?”

“भाऊजी, मी मराठी शिकवतो.”

“मंग? मशीन मराठीच टाइप करणार हाये न!”

त्यानंतर सहा महिने भाऊजींनी या विषयाचा जो अभ्यास केला, तेवढा आमच्या कॉलेजात कोणी पीएचडीला करत नाही. एक दोनशे पानी वही आणली. तिच्यात प्रश्न लिहायला सुरुवात केली. ‘पंखा नाही तर उष्णता जाते कुठे?’ हा पहिला. ‘मोबाइल दोन वर्षांत मरतो, मग त्याच्या घराण्यातला हा किती जगेल?’ हा दुसरा. परदेशातले तज्ज्ञ इंटरनेटवर त्या लॅपटॉपची तोंड भरून स्तुती करत होते. भाऊजी ती ऐकत आणि म्हणत, “याच्या घरी मे महिना असते काय?” आमच्याकडे बारशाला आले, तर पाळण्याजवळ उभ्या असलेल्या एका इंजिनीअर पाहुण्याला त्यांनी बाळाचं नाव ठेवून होईपर्यंत सोडलं नाही.

मग त्यांनी जमीरभाईंना विचारलं. जमीरभाई म्हणजे त्यांचे तीस वर्षांचे मित्र. कॉम्प्युटर दुरुस्त करतात, आणि भाऊजींचे तीनही कॉम्प्युटर आजवर जिवंत होते ते त्यांच्याच पुण्याईनं. त्यांनी नव्या लॅपटॉपचा फोटो बराच वेळ पाहिला आणि सुस्कारा सोडला. “भाऊसाब, इसमें खोलने को कुछ हैच नहीं. सब एक में एक चिपका दिया. बिगडा तो मैं क्या करूँगा, दुआ?” भाऊजींनी हे वहीत उतरवून घेतलं. ‘बिघडल्यास फक्त प्रार्थना.’

दिवाळीनंतर ते अमरावतीला आले आणि मला घेऊन एका मोठ्या शोरूममध्ये गेले. सोबत वही, पेनड्राइव्हमध्ये एक पत्रिका, रुमालात गुंडाळलेली ती किल्ली, आणि कोरोनाच्या काळात कपाळावर धरायचे ते ताप मोजायचं पिस्तूल. शोरूमच्या एसीमध्ये भाऊजींनी पिस्तूल लॅपटॉपच्या पाठीला लावलं, मग तिथल्या विक्रेत्याच्या कपाळाला, आणि दोन्ही आकडे वहीत लिहिले. लॅपटॉप विक्रेत्यापेक्षा थंड निघाला. माझ्या जिवात जीव आला.

पण पुढे किल्ली खोचली आणि त्या मशीननं तिची ओळखच दाखवली नाही. जुनं सॉफ्टवेअर बसेना. दुसऱ्या सॉफ्टवेअरात पत्रिकेची फाइल उघडली, तर गणेशाच्या नावाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि रिकामे चौकोन. विक्रेता म्हणाला, “काका, बाकी जुने प्रोग्रॅम चालतात. मधात एक दुभाष्या असतो, तो जुन्याची भाषा नव्या प्रोसेसरला समजावून सांगतो.”

“म्हंजे मध्यस्थ,” भाऊजी म्हणाले. “मी तीस वर्षं लग्नाच्या पत्रिका छापून राहिलो. मध्यस्थ असला का भांडण होतेच. याची दुसरी खेप कवा येणार?”

“पुढच्या वर्षी येईल बहुतेक.”

“मंग पुढच्या वर्षी येतो,” म्हणून भाऊजी उठले. बाहेर येऊन त्यांनी वही मिटली. चेहऱ्यावर परीक्षेत अपेक्षित प्रश्न आल्याचा आनंद होता. पण तो फार टिकला नाही. स्टँडपर्यंत जाताना एकदम म्हणाले, “पोरीले कसं सांगू?”

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून प्रांजलीनं दुकानातल्या जुन्या पत्रिका एकेक काढून आजच्या, कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत पुन्हा टाइप करायला घेतल्या. मंगलाष्टकं, आग्रहाची निमंत्रणं, भाऊजींनी स्वतः रचलेल्या चार-चार ओळी, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सगळी चिमुकली मंडळी, असं सगळं. दोन महिने ती हेच करत होती. एक दिवस तिनं ते वडिलांपुढे ठेवलं. “आता त्या किल्लीचं काम नाही, बाबा.”

भाऊजींनी सगळं वाचलं. एक वेलांटी चुकलेली सापडली, ती दाखवली. मग हळूच म्हणाले, “चांगलं केलं. पण दुसरी खेप येऊ दे बापा.”

पुण्याच्या कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. त्या रविवारी मी अकोल्यातच होतो, म्हणून हे समोर पाहिलं. प्रांजली आत पुण्याला न्यायचे कपडे कपाटातून वेगळे काढून ठेवत होती. भाऊजी जेवायला बसले होते आणि मला सांगत होते, की पहिल्या खेपेत कंपनीलासुद्धा आपण काय बनवलं ते माहीत नसतं. ताई भाकरी वाढायला आली आणि परात हातात घेऊन तशीच थांबली.

“काहो, पोरगी तं आपली पयलीच खेप होती. दुसरी झाली बी नाही. मंग तिले कशी घरात घेतली तुमी?”

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठले, हात धुतले, सदरा चढवला. “कुठं चालले?” ताईनं विचारलं.

“अमरावतीले. साळेबुवा, चला.”

शोरूममध्ये त्यांनी वही उघडली नाही. दोन लॅपटॉप घेतले. विक्रेत्याला ते ओळखीचे वाटले असावेत, कारण त्यानं स्वतःहून कपाळ पुढे केलं. मला भाऊजींनी सोबत म्हणून परत अकोल्याला नेलं. गाडीत दोन्ही खोकी भाऊजींनी मांडीवर धरली होती. मूर्तिजापूर आलं तेव्हा म्हणाले, “वजन तं काहीच नाही हो यात.” कौतुक होतं की शंका, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

आणि मग व्हायचं ते झालं. लॅपटॉप उत्तम चालले. प्रांजलीनं पहिल्याच आठवड्यात अशी एक पत्रिका केली, की भाऊजी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटले. फक्त ती छापता येईना. दुकानातल्या जुन्या प्रिंटरची नव्या प्रोसेसरशी ओळख करून देणारं सॉफ्टवेअर प्रिंटरवाल्या कंपनीनं अजून काढलंच नव्हतं. दोनशे पानी वहीत अकोल्याचं ऊन होतं, घराणं होतं, मध्यस्थ होता. प्रिंटर मात्र कुठेच नव्हता. मध्यस्थाचाही इथे उपयोग झाला नाही. ‘काम सुरू आहे’ एवढंच कंपनीचं उत्तर.

पुढच्या मे महिन्यात मी अकोल्याला गेलो, तेव्हा मनातून तयारी करूनच गेलो होतो. साठ वर्षं ज्या मतासाठी माणूस आलूबोंड्यापासून पुलापर्यंत सगळ्यांशी लढला, ते मत अखेर शंभर टक्के खरं निघालं होतं. आता किमान तीन तास ऐकावं लागणार होतं. दुपारची वेळ होती. रस्त्यावर कुत्रंदेखील नव्हतं. दुकानाच्या अलीकडेच भाऊजी दिसले. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, स्कूटरच्या हँडलला छापून आणलेल्या पत्रिकांची पिशवी, सदऱ्याच्या खिशात पेनड्राइव्ह. दुकानात पुन्हा भट्टी नको, म्हणून त्यांचा एक जुना कॉम्प्युटर जमीरभाईंनी आपल्या दुकानात मांडला होता, प्रिंटरही तिकडेच हलवला होता. प्रांजली पत्रिका तयार करी, आणि भाऊजी दिवसातून तीन-चारदा अशा उन्हात जाऊन ती छापून आणत. ती जायला उठली की म्हणत, “तू बस. मले जमीरशी बोलाचं हाये.”

आम्ही दुकानाच्या दाराशी आलो. आत प्रांजली मान खाली घालून एका पत्रिकेच्या कडेची वेल काढत होती. दुकानात आवाज असा नव्हताच. तीन टेबलफॅन गेले होते, तीन भट्ट्या गेल्या होत्या. स्क्रीनचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता.

मी म्हटलं, “भाऊजी, शेवटी तुमचंच खरं निघालं की!”

भाऊजींनी दुपट्टा सोडून तोंड पुसलं. उन्हानं त्यांचा चेहरा काळवंडला होता आणि या वर्षभरात ते बरेच थकलेले दिसत होते. त्यांनी एकदा आत पाहिलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दारापासून दोन पावलं मागे नेलं.

“हळू बोला, साळेबुवा,” ते म्हणाले. “पोरगी काम करून राहिली.”