डायरेक्ट केलेला टोस्टर

बुधवार, २४ जुलै २०२४. रात्रभर भुरभुर. दूध ६.२० ला. बजाबाई ७.४० ला आली, दहा मिनिटे उशीर. कडक भाकरी सादळलेली. गौसने टोस्टर दुरुस्त करून ११.१५ ला आणून दिला. चालू करून पाहिला. ठीक. अभिमन्यूचा फोन नाही.

सुकन्याबाईंच्या वहीतली ही नोंद खरी होती. टोस्टर गौसनेच दुरुस्त केला होता, सव्वाअकरालाच आणून दिला होता, आणि तो चालतही होता. नोंदीत काय आले नाही, हे तीन माणसांना ठाऊक होते. बाईंना, गौसला, आणि त्या वेळी मोरीत भांडी घासत असलेल्या बजाबाईला.

गौस मूळचा कुंभारीचा. वडील राजेसाब चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात त्यांनी पान्ह्यांची पिशवी पोराच्या हातात दिली आणि खाट धरली. गौस जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकला, मग पंखे, मिक्सर, गिझर. सोसायटीच्या फाटकाजवळ वॉचमनची खोली रिकामी पडली होती. अकरा वर्षांपूर्वी सुकन्याबाईंनी शब्द टाकला म्हणून ती त्याला मिळाली. तिथे पोते अंथरून तो बसे. बोलताना तोंडात दोन-तीन स्क्रू धरलेले असत, आणि ते न सांडता तो सगळ्या इमारतीच्या चौकशा करी. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला पांढऱ्या ऑइलपेंटने आपले नाव आणि तारीख घाली. काम बिघडले तर कुणाकडे यायचे ते कळावे म्हणून, असे तो सांगे. अकरा वर्षांत बिघडले म्हणून फारसे कुणी आले नव्हते.

एक काम मात्र तो घेत नसे. डायरेक्ट.

वस्तू फार तापली की करंट तोडणारा एक भाग तिच्या पोटात असतो. तो काढून टाकायचा आणि वायर सरळ जोडायची, याला दुरुस्तीवाले डायरेक्ट करणे म्हणतात. पाच मिनिटांचे काम. वस्तू पुन्हा मध्येच बंद पडत नाही आणि गिऱ्हाईक खूष होते. गौसच्या उस्तादांनी एका घरचा गिझर असा करून दिला होता. त्या घरात नंतर गौस उस्तादांबरोबर गेला होता. काय पाहिले ते त्याने कधी कुणाला सांगितले नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या सोमलिंगने गिझर डायरेक्ट करून मागितला तेव्हा त्याने तो तसाच परत दिला आणि वर चार शब्द ऐकून घेतले.

टोस्टर मुलाने, अभिमन्यूने, पुण्याहून आणून दिलेला होता, चांगल्यातला. बाईंना कॉन्व्हेंटपासूनची सवय, सकाळी दोन टोस्ट आणि चहा. पण दोन वर्षांपूर्वी पती गेले, आणि त्यांच्या आवडीची कडक भाकरी घरात येतच राहिली. पावसाळ्यात ती सादळते. लोक तव्यावर शेकून घेतात. बाई ती अर्धी मोडून टोस्टरच्या फटीत उभी घालीत. पापडासारखी पातळ भाकरी, आत गेली की तिचा एक तुकडा हमखास तुटून तारांच्या जाळीत बसे. दांडी वर यायला बघे आणि अडके. मग टोस्टर अर्ध्यावरच गप्प होई, आणि दहा मिनिटे काही केल्या चालू होत नसे.

जुलैत गौसने तो दोनदा नेला, साफ करून दोनदा परत आणला. तिसऱ्यांदा, त्या बुधवारी सकाळी, त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावरच बूड उघडले.

"अम्मा, ही पट्टी बघा. दोन धातू एकावर एक चिकटवल्यात. तापलं की एक जास्त फुगतो, एक कमी, मग पट्टी वाकती आणि करंट तुटतो. तुमची भाकरी अडकती, दांडी वर येत न्हाय, आत जाळ व्हायला लागतो. ही पट्टी हाय म्हणून तो थांबतो. टोस्टर बिघडलेलाच न्हाय."

"मग सारखा बंद का पडतो?"

"बंद पडतो म्हणूनच बरा हाय. भाकरी घालू नका त्यात. पावाचं मशीन हाय ते."

"काय घालायचं ते मला शिकवू नकोस. ती पट्टी काढ."

"न्हाय अम्मा. ते मी करत न्हाय."

"भैय्या चौकातला माणूस पाच मिनिटांत करून देतो म्हणे."

"देतो की. त्याला द्या."

बाईंना हे उत्तर झोंबले. चौकात जायचे म्हणजे रिक्षा, रांग, अनोळखी माणूस. आणि त्याहून, आपल्याच हाताने बसवलेल्या माणसाने नाही म्हणावे. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात खोलीचा करार नवा करायचा आहे ना? सेक्रेटरी बसलिंगप्पा मला विचारल्याशिवाय सही करत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला होता. गौसने तोंडातले स्क्रू काढून हातावर घेतले.

"अम्मा, घरी चार माणसं खाणारी हायेत."

"म्हणून तर म्हणते."

तो टोस्टर घेऊन खाली गेला. सव्वाअकराला परत आणला. दारातच उभा राहिला. "तुमी रोज वहीत लिवता न्हवं? ह्येबी लिवा की. गौस नको म्हणला व्हता."

"लिहीन," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी वही उघडली तेव्हा त्यांना ते आठवले होते. पण वहीचे नियम सिस्टरांनी शाळेत घालून दिलेले होते, आणि ते त्यांनी छप्पन वर्षे पाळले होते. हवा, वेळ, काम. कोण काय बोलले ते लिहायचे नाही, ती चहाडी होते. त्या नियमाचा इतका आधार त्यांना यापूर्वी कधी वाटला नव्हता.

शनिवारी सकाळी साडेसातला त्यांनी अर्धी भाकरी टोस्टरमध्ये घातली, दांडी दाबली आणि पूजेला बसल्या. पूजेत उठायचे नाही आणि बोलायचे नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम होता. कुणी घालून दिलेला नव्हता. पाच मिनिटांनी करपल्याचा वास आला. टोस्टर आपणहून बंद होतो ही सवय अंगात मुरलेली, म्हणून त्या थांबल्या. मग वास बदलला. तो भाकरीचा राहिला नाही. बाईंनी डोळे अधिक घट्ट मिटले. पूजा संपायला थोडेच उरले होते.

बजाबाई तेवढ्यात आली. तिने बटण बंद केले, तोवर जाळ खिडकीच्या पडद्याला लागला होता. पडदा नायलॉनचा. तिने तो ओढून खाली पाडला. वितळलेले नायलॉन तिच्या उजव्या तळव्याला चिकटले, आणि तिने हात झटकला तेव्हा कातडीसकट निघाले.

"बाई," ती दारात येऊन म्हणाली, "हात."

बाईंनी पूजा पुरी केली. मग उठल्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीत एकच विषय. सेक्रेटरी बसलिंगप्पा हे निवृत्त मास्तर. त्यांनी जळका टोस्टर उलटा करून पाहिला. बुडाला पांढऱ्या रंगात नाव आणि तारीख शाबूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा ठरली. गौसला खोलीत ठेवायचा की नाही, एवढाच विषय.

रात्री जेवणाआधी गौस वर आला. चपला बाहेर काढल्या, पण आत आला नाही.

"अम्मा, उद्या तुमी जे झालं ते सांगा. जास्त काय नको."

"मी कधी खोटं बोललेय का गौस?"

"न्हाय. कवाच न्हाय."

"मग जा, नीट जेव."

तो निर्धास्त होऊन जिना उतरला. त्याच्या पावलांवरून ते कळत होते. बाई बराच वेळ दाराला कडी न लावता उभ्या होत्या.

रविवारी साडेदहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. टोस्टर मध्ये स्टुलावर. बजाबाईचा हात कोपरापर्यंत पट्टीत, तिला बसायला उलटी बादली दिली होती.

"आत उघडून बघितलंय," बसलिंगप्पा म्हणाले. "तापल्यावर बंद होणारा भाग काढून टाकलाय. गौस, डायरेक्ट तू केलंस?"

"व्हय सर. मीच केलं."

"माझा गिझर करायला नाही म्हणाला होता हा," सोमलिंग म्हणाला. "तत्त्वाचा माणूस म्हणे. माणूस बघून तत्त्व असतंय वाटतं."

चारजण हसले.

"सर, मी नको म्हणलो व्हतो," गौस म्हणाला. "दोनदा म्हणलो. अम्मांना विचारा. त्यांच्या वहीत लिवलंय."

सगळ्यांचे चेहरे बाईंकडे वळले. या इमारतीत ती वही म्हणजे पुरावा होता. टाकी कधी धुतली, लिफ्ट कोणत्या दिवशी अडकली, गच्ची गळायला आधी कुणाकडे लागली, सगळे वाद त्या वहीवर मिटले होते. वही आज मागितली जाणार हे ठाऊक असल्याने बाई ती घेऊनच आल्या होत्या.

"वाचा आक्का," बसलिंगप्पा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. "गौसने टोस्टर दुरुस्त करून ११.१५ ला आणून दिला. चालू करून पाहिला. ठीक."

"अजून वाचा की अम्मा," गौस म्हणाला. "त्याच्या खाली."

"त्याच्या खाली, अभिमन्यूचा फोन नाही, असं आहे."

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. बाईंनी वही त्याच्यापुढे धरली. त्याने हात पँटला पुसले आणि ओळींवरून बोट फिरवत सगळे पान वाचले. मग मागचे पान वाचले. वही दोन्ही हातांनी परत दिली.

"न्हाय लिवलेलं," तो म्हणाला.

त्या क्षणी एक वाक्य बोलले असते तर पुरले असते. मी सांगितले म्हणून त्याने केले. पाच शब्द. बाईंच्या जिभेवर ते आलेही होते. पण त्यांची नजर बजाबाईच्या पट्टीवर गेली. ते वाक्य उच्चारले की तो हात आपल्या नावावर चढणार, हे त्यांना स्वच्छ दिसले. त्यांनी चष्मा घडी करून डबीत ठेवला.

"बजाबाई, तू होतीस ना त्या दिवशी?" बसलिंगप्पांनी विचारले. "काय ऐकलंस?"

बजाबाईने आधी बाईंकडे पाहिले, मग जमिनीकडे. "मी भांडी घासत व्हते. नळ चालू व्हता. मला काय ऐकू आलं न्हाय."

गौस तिच्याकडे बघून हलकेच मान हलवत राहिला, जणू तिला समजावत होता की असू दे. हे बाईंना सगळ्यांत असह्य झाले, आणि म्हणून त्याचा रागही आला.

हात वर करून मत घेतले. बाईंनी हात वर केला नाही आणि कुणी ते मोजले नाही. बुधवारपर्यंत खोली रिकामी करायची असे ठरले. खुर्च्या उचलताना सोमलिंग म्हणाला, "वहीमुळे बरं झालं. नाहीतर आक्कांवरच ढकलून मोकळा झाला असता."

सोमवारी बाईंनी आरजू नावाच्या मुलीला भांड्यांसाठी ठेवले. बजाबाई हातात प्लास्टिकची पिशवी बांधून, डाव्या हाताने घासते म्हणून दारात आली होती. "भाजलेल्या हाताला पाणी लागू देऊ नये," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी बरोबर होते. "बरी हो, मग बघू."

"बाई, मी काय बोलले न्हाय तितं," बजाबाई म्हणाली.

"काय बोलायचं होतं?"

बजाबाई दातांनी पिशवीची गाठ सोडत जिना उतरली.

बुधवारी सकाळपासून फाटकाजवळ टेम्पो उभा होता. बाई गॅलरीत गेल्या नाहीत. चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात गौस, हातात त्यांची इस्त्री. ती महिन्याभरापूर्वी दिलेली होती, त्या विसरूनही गेल्या होत्या.

"वायर बदललीय," तो म्हणाला. "पट्टी हाय जागेवर. तापली की बंद व्हईल, आपोआप चालू व्हईल. हात लावू नका."

बाईंनी ती उलटी करून पाहिली. कुठेच नाव घातलेले नव्हते.

"आता कुठं बसणार?"

"मंगळवेढ्याला मेव्हणा हाय. बघू की." तो चपला घालायला वाकला. "अम्मा, तुमी खोटं बोलला न्हाईत. मी घरी बायकूला तेच सांगितलं. अम्मा खोटं बोलल्या न्हाईत म्हणलं."

"काय म्हणाली ती?"

"काय न्हाय. पीठ मळत व्हती."

तो गेला. बाईंनी दार लावले, इस्त्रीची वायर भिंतीतल्या प्लगात लावली आणि तिच्यावरचा छोटा दिवा लागून विझेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग परत लागेपर्यंत.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. हवा लिहिली, दुधाची वेळ लिहिली. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिले, शाईचा ठिपका पसरला. मग लिहिले: इस्त्री दुरुस्त होऊन आली. चार सुती साड्या केल्या.