साडूभाऊ कॉलेज पाहायला जातात

माझ्या साडूभाऊंनी आजवर कुणालाही, कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हटल्याचं या पृथ्वीतलावर कुणी ऐकलेलं नाही. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलाला तोंडाने होकार द्यावा लागत नाही म्हणून बरं. नाहीतर माझी मोठी मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, आज पंचवीस वर्षांनंतरही हार हातात धरून बोहल्यावर उभी असती. साडूभाऊ 'नाही'सुद्धा म्हणत नाहीत. ते 'कळवतो' म्हणतात. चहा टाकू का, विचारलं तरी किंचित डोळे मिटून 'पाहू' म्हणतात आणि चहा आला की पितात. एकदा पोटात मरणाचं दुखत असताना डॉक्टरांनी अपेंडिक्स काढावं लागेल असं सांगितलं, तर 'घरी विचारून कळवतो' म्हणून हा मनुष्य पोट धरून ऑटोतून परत आला. अपेंडिक्सला त्यांच्या या थोरवीची कल्पना नव्हती. ते थांबलं नाही, आणि संध्याकाळी चौघांनी उचलून यांना पुन्हा तिथेच नेलं. गाडी घेऊन सहा वर्षं झाली, पण सीटवरचं प्लास्टिक काढायचं की ठेवायचं याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

साडूभाऊ रिसोडच्या बाजारात धान्याचे अडते आहेत, आणि ही सवय त्यांना तिथेच लागली असावी. सोयाबीनचा ढीग पुढे असतो, शेतकरी घाम पुसत उभा असतो आणि साडूभाऊ एक दाणा दाताखाली धरून लांब कुठेतरी बघत बसतात. माणूस बोलला नाही की समोरचा आपोआप नरम होतो, हे त्यांना फार लवकर कळलं. बाजारात लोक याला वजन म्हणतात. घरी ताई याला वेगळा शब्द वापरतात, पण तो लिहिण्यासारखा नाही.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी प्रांजली या वर्षी बारावी झाली, चांगली झाली, आणि तिनं इंजिनिअरिंगला जायचं ठरवलं. तिनं हा निर्णय एका वाक्यात सांगितला तेव्हा साडूभाऊ म्हणे बराच वेळ तिच्याकडे, ही आपली नव्हेच, अशा नजरेनं पाहत होते. मग त्यांनी जाहीर केलं की कॉलेजं स्वतः डोळ्यानं पाहिल्याशिवाय पोरगी कुठं जाणार नाही. पेरण्या आटोपल्या होत्या, बाजार मंदा होता. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रवासाचा नकाशा तयार झाला: रिसोडजवळचं माझं मालेगाव, मग अकोला, अमरावती, नागपूर. नव्या मोठ्या महामार्गाने जायचं नाही, कारण 'त्या रस्त्यानं इचाराले माणूस नाही भेटत.' मी मालेगावच्या शाळेत मराठी शिकवतो आणि कधीकाळी अमरावतीला बी.एड. केलं, एवढ्या भांडवलावर मला जाणकार म्हणून सोबत घेण्यात आलं. माझी बायको गाडीतल्या प्लास्टिकवर पाय पोळतात असं सांगून सुटली.

मंगळवारी सकाळी गाडी माझ्या दारात आली. मागे ताई, तिखट पुऱ्यांचा डबा, पाण्याचे दोन कॅन आणि प्रांजली. ती बसल्या बसल्या म्हणाली, "काका, कॉलेजांची यादी ऑनलाइन पक्की कराची हाय. गुरवारी पाच वाजता बंद होते. बाबाले तीन बार सांगतलं म्या."

"यादी-गिदी मंग," साडूभाऊ गाडी सुरू करत म्हणाले. "मास्तर, कालेज म्हंजे सोयरीकच असते. चार वर्षं पोरगी द्याची हाय आपल्याले त्यायच्या घरी. आधी गावात चौकशी कराची, मंग घर पाहाचं, मंग कळवाचं."

ऑनलाइन यादीचं मला माहीत होतं. पण साडूभाऊंनी एकदा सिद्धांत मांडला की मी गप्प बसतो. ही माझी जुनी खोड आहे.

आता आमच्याकडे सोयरिकीला निघालेला शहाणा माणूस थेट स्थळाच्या घरी जात नाही. आधी गावातल्या न्हाव्याकडे बसतो, दाढी करून घेतो आणि साबण सुकायच्या आत त्या घराची सगळी कुंडली काढतो. अकोल्याच्या कॉलेजसमोर गाडी लावून साडूभाऊ पहिल्यांदा रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये शिरले. सकाळीच घरून दाढी करून आले होते, तरी पुन्हा बसले. न्हाव्याची तक्रार एवढीच की हल्लीची पोरं दाढ्या वाढवतात, धंदा राहिला नाही. साडूभाऊंनी त्यावरून कॉलेजला वळण नाही असा निष्कर्ष काढला आणि मगच आम्ही फाटकातून आत गेलो. एका तरुण प्राध्यापकाने बिचाऱ्याने आम्हाला हौसेनं सगळं दाखवलं. साडूभाऊ हात मागे बांधून फिरत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वावर किती हाय?"

"कॅम्पस? चाळीस एकर असेल."

"ओलिताचं का कोरडवाहू?"

प्राध्यापकांनी मदतीच्या आशेनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी भिंतीवरच्या सूचना वाचू लागलो. त्यांनी कँटीनमध्ये चला म्हटलं, तर साडूभाऊंनी छातीला हात लावून नम्रपणे नकार दिला. ज्या घरी नक्की नाही तिथं जेवायचं नसतं. जेवलं की गोष्ट पक्की झाली असं समजतात. त्यामुळे तीन दिवस महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचं पाणीसुद्धा आमच्या पोटात गेलं नाही. फाटकाबाहेर काचा वर करून, प्लास्टिकला चिकटून, आम्ही तिखट पुऱ्या खाल्ल्या.

बुधवारी अमरावतीला दोन कॉलेजं होती, म्हणजे दोन दाढ्या. सकाळच्या दाढीनंतर साडूभाऊंचे गाल लाल झाले होते आणि दुपारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन 'साहेब, काय काढू?' असं खरोखरीच्या काळजीनं विचारत होता. पण त्या दुसऱ्या कॉलेजात एक गोष्ट घडली. विभागप्रमुख बाई होत्या. त्यांनी आमच्याकडे फारसं लक्ष न देता प्रांजलीला प्रयोगशाळेत नेलं. तिथं तीनचार मुली हळद वाळवायचं उन्हावर चालणारं यंत्र जोडत बसल्या होत्या आणि ते काही केल्या चालत नव्हतं. प्रांजली आधी उभी राहून बघत होती. मग खाली बसली, मग तिनं एका मुलीच्या हातातून वायर घेतली. आमच्या सोयाबीनच्या पोत्यांत वाढलेली ती अबोल पोरगी अर्धा तास बोलत होती, भांडत होती, हसत होती. ताई दाराच्या चौकटीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. "मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "पोरगी इथंच जाते पाहा."

साडूभाऊंनी मॅडमना नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं हाय. इचार करून कळवतो."

मॅडम हसून "जरूर" म्हणाल्या. त्या एका शब्दावर साडूभाऊ गाडीत येऊन निर्धास्त झाले. "आता ते एक जागा राखून ठेवतीन. शबूद टाकला आपून."

"बाबा, तसं नसते," प्रांजली म्हणाली.

"तुले काय मालूम? दुनिया पाह्यली म्या."

गुरुवारी नागपूर. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर आता वस्तरा टेकवायला जागा नव्हती, म्हणून ते मला म्हणाले, "मास्तर, आता तुमी बसा." माझी तीस वर्षांची मिशी होती. न्हावी गप्पिष्ट होता. बोलता बोलता त्यानं डावी बाजू कमी केली, मग उजवी तिच्या बरोबरीला आणली, मग पुन्हा डावी. मिशी संपली तेव्हा एवढी माहिती हाती आली की तो आठवड्यापूर्वीच परप्रांतातून इथं आला आहे आणि समोरची इमारत दवाखाना आहे असं त्याचं प्रामाणिक मत आहे. माझी ही अशी अवस्था पाहून ताई तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसल्या.

कॉलेजच्या कार्यालयात खिडकीमागे एक शांत कारकून बसले होते. वेळ साडेतीनची. साडूभाऊंनी इमारत पसंत असल्यासारखी मान हलवली आणि नेहमीचं वाक्य टाकलं: चार दिवसांनी कळवतो.

"आम्हाला नका कळवू साहेब," कारकून म्हणाले. "मुलीनं यादी भरायची. मग तिचा नंबर कुठं लागला ते तिला कळतं. आज पाचला यादी बंद."

"म्हंजे पसंत आमी नाही कराचं?"

"तुम्ही करा ना. पण घ्यायचं की नाही ते तिकडून ठरतं."

साडूभाऊ खिडकीचा गज धरून उभे राहिले. आयुष्यभर ते ढिगाच्या या बाजूला बसलेले. आपण पलीकडे घाम पुसत उभे आहोत हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं. मला मनातून गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो. मग आम्ही धावलो. गाडीत प्रांजलीनं फोन काढला. यादी तिनं सोमवारीच भरून ठेवली होती. वरती अमरावतीचं तेच कॉलेज, काल पाहून आल्यावर आणलेलं. फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं. बापाचा मान म्हणून ती थांबली होती.

"बाबा, लॉक करू का?"

"पाहू," साडूभाऊ म्हणाले. सवय ती सवय. "जरा इचार करू दे."

मागच्या सीटवरून, पंचवीस वर्षं साठवलेला आवाज आला. "पाहू गिहू काही नाही! चार वाजून गेले. तुमी बसा इचार करत. कर वं पोरी लॉक!"

बटण दाबलं गेलं. साडूभाऊंनी गाडी सुरू केली आणि मालेगावच्या रस्त्याला लावली.

नंबर कळायला पाच दिवस होते. ज्या माणसानं जन्मभर इतरांना ताटकळत ठेवलं, त्याला वाट पाहता येत नव्हती. सकाळी फोन: "मास्तर, कळवलं का व त्यायनं?" दुपारी फोन: "ते मॅडम आपल्याले ओळखतीन नं?" आम्ही उभयतांनी, म्हणजे मी आणि माझ्या बायकोनं, या फोनांवर भरपूर करमणूक करून घेतली. ताई सांगत होत्या की बाजारात दाणा दाताखाली धरून बसायचंही त्यांनी बंद केलंय. येईल त्याला भाव सांगून मोकळे होतात.

चौथ्या दिवशी दुपारी ते एकटेच माझ्याकडे आले आणि दारातूनच म्हणाले, "चला, किन्हीराजाले जाऊ."

गाडीत बसल्यावर मला अंदाज आला. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावासाठी आम्ही त्या गावातलं एक स्थळ पाहिलं होतं. मी नोकरीच्या सुरुवातीला किन्हीराजाच्या शाळेत होतो, त्यामुळे घर माझ्याच ओळखीचं. मुलगी चांगली होती, घर साधं शेतकऱ्याचं. आम्ही पोहे खाल्ले, 'कळवतो' म्हणालो आणि निघालो. पुढे भावाचं दुसरीकडे जमलं.

मुलीचे वडील अंगणातच बसले होते, आता बरेच थकलेले. त्यांनी लगेच ओळखलं. "रिसोडवाले नं? या, बसा." मुलगी कारंज्याला दिली होती, दोन लेकरं होती, बरं चाललं होतं. साडूभाऊ पेरणीचं बोलले, पावसाचं बोलले, सोयाबीनवरच्या खोडमाशीचं बोलले. मग घसा साफ करून म्हणाले, "त्या टायमाले आमचं कळवाचं राह्यलं, पाहुणे."

म्हातारे रागावले नाहीत. "हाव," ते म्हणाले. "आठ दिवस मी वावरात नाही गेलो. म्हटलं, तुमी याचे आन् मी घरी नसाचो. मंग कामं अडले, तं गेलो."

आतून चहा आला. साडूभाऊंनी 'पाहू' न म्हणता कप घेतला. म्हाताऱ्यांनी आज येणं कसं केलं विचारलं, तेव्हा त्यांनी प्रांजलीचं सगळं सांगितलं, लहान मुलासारखं, एकातून एक. ऐकून म्हातारे म्हणाले, "कोणतं गाव भेटते ते कळवजा बाप्पा. पोरीची गोष्ट हाय. मले बी घोर लागन." आणि त्यांनी कागदाच्या कपट्यावर लिहिलेला आपला फोन नंबर शोधून काढून दिला.

मी कपात बघत होतो. कारण त्या वेळी निरोप धाडायचं काम माझ्याकडे होतं. साडूभाऊ नक्की काही सांगत नाहीत, मग मी काय लिहू, अशी सबब काढून मी आठ दिवस घालवले. नंतर उशीर झाला म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून लिहिलंच नाही. वर्गात मुलांना दर वर्षी पत्र लिहायला शिकवणारा मी. साडूभाऊंच्या 'कळवतो'वर मी इतकी वर्षं दहा ठिकाणी लोकांना हसवत आलो, आणि परतताना त्यांनी मला याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. "मास्तर," साडूभाऊ म्हणाले आणि थांबले. नाक ओढल्याचा आवाज आला. "अमरावती भेटलं पोरीले."

"अरे वा! ताईंना सांगितलं का?"

"सांगतो आता. ते मांगच्या अंगणात हाय. आधी किन्हीराजाले फोन लावला. म्हातारा लय खूश झाला व."

मग ते ताईंना हाका मारत आत गेले. फोन चालूच होता आणि मला तिघांचा आरडाओरडा ऐकू येत होता. किन्हीराजाचा तो नंबर मीही त्या दिवशी माझ्या फोनमध्ये घेतला आहे. प्रांजली अमरावतीला जाऊन आता महिना झाला. मी अजून फोन केलेला नाही.