ताकतीची गोळी

इंदिरावहिनी बसलेल्या माणसाशी भांडत नसे. "पयले उभे राहा," म्हणायची, "मंग बोलते." समोरचा उठेपर्यंत ती थांबायची आणि मग त्याची अशी खरडपट्टी काढायची की परत बसायचं त्याला सुचत नसे. माझा दादा अकोल्यात वकील. बाहेर बैठकीत पक्षकार बसलेले असत आणि आतून ही बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याची लेक मोकळ्या वावरातल्या आवाजात दूधवाल्याला पाण्याचा जाब विचारत असे. एकदा तिने एका बड्या पक्षकारालाच उभं केलं, कारण सुनेला बडवल्याची गोष्ट तो हसत हसत सांगत होता. ती केस दादाच्या हातची गेली.

दादाला तिची लाज वाटायची. मला नाही. मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि सुट्टीत अकोल्याला जायचे ते निम्मं तिचं बोलणं ऐकायलाच.

तिचं एक भांडण मात्र कायमचं होतं, ते शोभासाठी. शोभा तिची एकुलती एक लेक, मॅट्रिकच्या वर्गातली. धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्याचं घर दादाच्या मनात भरलं होतं. वहिनी त्यांच्या माणसांना चहाही न देता परत पाठवी. "पोरगी मॅट्रिक होईन, मंग कालेजात जाईन," ती म्हणायची. "मले सही करता येत नाई. तिले आली पायजे, तेई इंग्रजीत."

पासष्टच्या सुमाराची गोष्ट. त्या दिवाळीला मी गेले तर घर गप्प. वहिनी मेथी निवडत बसली होती आणि तीच काडी पुन्हा पुन्हा हातात घेत होती. "या कमलबाई," म्हणाली, पुढे काही नाही. बरं नाही का, विचारलं. "बरं हाय. ताकतीच्या गोळ्या चालू हायेत. तुमचे दादा सोता हातावर देतात, पाण्याचा गिलास घेऊन." हे सांगताना तिला दादाचं कौतुक वाटत होतं. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. शेजारीपाजारी सगळे खूश. माझी आईसुद्धा म्हणाली, "आता कशी बाईसारखी बाई दिसते."

माघात, परीक्षा तोंडावर असताना, शोभाचं लग्न धामणगावच्या त्याच घरात झालं. वहिनी मांडवात बसवली तिथे बसून राहिली. मला वाटलं, हरली बिचारी.

मी निघताना तिने माझ्या हातात पुडी ठेवली. "लई वाळल्या तुमी. घ्या, ताकत येते." आमच्याकडे गोळी म्हणजे एक तर तापाची, नाही तर ताकतीची. तिसरी जात कुणाला ठाऊक नव्हती. शाळेत जाताना मी एक घेतली, आणि भूगोलाच्या तासाला नकाशासमोर मला तापी नदी सापडेना. मुली हसल्या, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. काहीच न वाटण्याचीच मला नंतर भीती वाटली.

उरलेल्या गोळ्या घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, पिवळी गोल गोळी कितीतरी औषधांची असते. रंगावरून सांगितलं अन् चुकलं तर? पाकीट आणा."

मी रजा टाकून अकोला गाठलं. दादाने कपाटातून पाकीट काढून दिलं. लपवाछपवी काही नाही. त्याच्या एका डॉक्टर मित्राने वहिनीला न तपासताच औषध लिहून दिलं होतं. जिवाची तगमग शांत करणारी नवी गोळी होती ती.

"वहिनीला कसली तगमग होती?" मी विचारलं.

"तिला नव्हती. आम्हाला होती," दादा म्हणाला. "आता घर बरं चाललंय ना, कमल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. तिने उठून सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या.

ही गोळी सोडायचीही रीत असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्याने लिहून दिली त्याला ठाऊक असायला हवं होतं. वहिनीची झोप उडाली, हात थरथरू लागले, आणि तिसऱ्या दिवशी ती अंगणात आकडी येऊन पडली. शेजारणी म्हणाल्या, अंगात आलं. त्यांनी तिच्या कपाळावर हळदकुंकू फासलं, लिंबू उतरवलं. त्यांना बाजूला ढकलून मी टांगा बोलावला आणि तिला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "काय घेत होत्या, आणि कधी बंद केलं?" पाकीट पाहून त्या संतापल्या. "शरीराला हिची सवय लागते. महिनोन्‌महिने घेतलेली एकदम सोडली तर जीव जातो." आता तीच गोळी पुन्हा सुरू करून थोडी थोडी कमी करत सोडायची होती.

वहिनी खाटेवर रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मंजे ज्या गोळीनं मले खाल्लं, तेच मी खाऊ?"

पण खाल्ली. घरी आल्यावर तिने अडकित्ता काढला आणि सुपारीसारखी गोळी कातरायला घेतली. डॉक्टरीणबाई सांगतील तसा तुकडा लहान होत गेला. कातरताना ती दादाला समोर बसवायची. "पाहा, काय चारलं तुमी मले," म्हणायची. "राग कायचा येते, हे मले इचाराचं होतं." दादा मान खाली घालून बसायचा.

शेवटचा कण संपला तेव्हा शोभा बाळंतपणाला आली होती. वहिनीने तिला जवळ बसवलं. "तुह्या लग्नातलं मले काईच आठवत नाई, पोरी. मी काई बोलली होती का?"

शोभा आधी सांगेना. मग म्हणाली, "हळदीच्या आधी मी तुह्याजवळ आली होती, आई. म्हटलं, मले परीक्षा देऊ दे, बाबाले सांग. तू म्हणाली, बरं."

"अन् मंग?"

"मंग तू कूस बदलली."

त्यानंतर वहिनी बरीच वर्षं जगली. शोभाच्या सासरी जाऊन भांडली आणि तिला बाहेरून मॅट्रिकला बसवलं. गल्लीशी भांडली, माझ्याशीही भांडली. दादाशी मात्र पुन्हा कधी भांडली नाही. त्याचं ताट वाढायची, कपडे काढून ठेवायची आणि आत निघून जायची. ती गेली त्या आठवड्यात दादा मला म्हणाला, "एकदा तरी माझ्यावर ओरडली असती, कमल." माझा सख्खा भाऊ, म्हातारा, एकटा. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.