किटलीतल्या अकरा डब्या

सांगलीत मार्केट यार्डामागं नानासोंचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. बारा मशिनी, बारा बायका. नानासो मूळचे गुळाचे व्यापारी. ढेपेवर टिचकी मारून ते गूळ ओळखायचे, पण शिलाई मशीन काही त्यांना कळलं नाही. त्याच्याच जोरावर त्या बाराजणींतल्या म्हसवडच्या अंजनाचं राज्य चालायचं.

नानासो फार करायला लागले, की अंजना चहाची रिकामी किटली घेऊन फिरायची. प्रत्येक बाई मशीनच्या पोटातली बॉबीनची डबी काढून तिच्यात टाकायची. टण! ह्या डबीत खालचा दोरा असतो. ती नसली की चाक फिरतं, सुई नाचते, पण टाका पडत नाही. नानासो बदली बायका आणायचे, मशीन आडवं करून बॅटरी मारायचे.

"काय काढलंय गं ह्यातलं?"

"आमी कशाला काढू? रुसलंय त्ये, नानासो!"

संध्याकाळपर्यंत ते नमायचे आणि त्याच किटलीतून चहा यायचा. पंखे असेच आले. बाळंतपणाची रजाही.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात, शाळा तोंडावर आलेल्या असताना, नानासोंनी शनिवारी चंद्राबाईला कामावरून काढलं. तिनं वीस सदऱ्यांचे खिसे उलटे लावले होते. नानासो म्हणाले, लक्ष नाही. खरं कारण एकट्या अंजनाला ठाऊक होतं. चंद्रामावशीला नीट दिसत नव्हतं. दोन वर्षं तिची सुई अंजनाच ओवून देत होती.

सोमवारी अंजनानं मावशीला हाताला धरून कारखान्यात आणलं, तिच्या जागेवर बसवलं आणि किटली फिरवली. बारा वेळा टण झालं.

नानासो ओरडले नाहीत. "आज घरी जावा समद्या," एवढंच म्हणाले.

मंगळवारी बघतात तर दारात चार नव्या बायका उभ्या, आणि बाराही मशिनींत कोऱ्या डब्या.

"बसायचं तर बसा," नानासो म्हणाले. "न्हाईतर ह्या बसत्यात."

जुन्यांतल्या बनुबाईनं खाली मान घालून चाक फिरवलं. मग दुसरीनं. चंद्राबाई मात्र मशीनवर नव्हती. तपासणीच्या टेबलामागं नव्या खुर्चीत बसली होती.

अंजनानं किटली जमिनीवर पालथी केली. आजवर मोजायची कधी गरजच पडली नव्हती. अकरा डब्या निघाल्या, आणि विजारीचा एक हूक.

"मावशी, तुमची डबी?"

"शनिवारी घरी न्हेली, रैवारी नानासोंना दिली. त्येच्यासारख्या आणा म्हनलं."

"आवं, तुमच्यासाठीच तर काम थांबवलं आमी!"

"व्हय गं. तुमी जिंकला असता. पर दिवाळीला परत काढलं असतं मला. हितं सुई ओवावी लागत न्हाई."

अंजना मशीनवर बसली. घरी दोन लेकरं होती. दुपारी तिचा पहिला सदरा टेबलावर गेला. नानासो तिथंच उभे होते. चंद्राबाईनं सदरा डोळ्यांजवळ नेला, शिवणीवरून बोटं फिरवली आणि मोठ्यानं म्हणाली, "टाका ढिला हाय. उसव."

टाका पक्का होता. अकराही जणींना ते दिसत होतं. जिला दिसत नव्हतं ती खुर्चीत होती. हे एक वाक्य अंजनाच्या ओठांवर आलं. नानासोंनी तिच्याकडं पाहिलं.

"काय गं?"

"काय न्हाई," अंजना म्हणाली, आणि पक्का टाका उसवायला लागली.