दिपमालाची परवानगी

दिपमालाला मी पहिल्याच दिवशी तडजोड करायला सांगितलं होतं, हे आधी कबूल करतो. वीस वर्षं जळगावात वकिली करून मला तारखांचा कंटाळा आला आहे. तिला काही तो आला नाही.

ती पारोळ्याची, ब्लाऊज शिवणारी. लग्नानंतर अकरा वर्षांनी, धुळ्याच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूबचे उपचार घेऊन तिला मुलगी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी नवरा-बायकोला शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. महिन्याभरात तोच फोटो पारोळ्याच्या बसस्टँडसमोर फ्लेक्सवर झळकला. खाली तिचं नाव, किती वर्षं मूल नव्हतं, कोणते उपचार केले, सगळं. गावाला तेवढंच हवं होतं. बायका तिच्या लेकीला 'दवाखान्याची पोर' म्हणू लागल्या. ऐकून माझंही डोकं फिरलं.

फ्लेक्स उतरवला, आता विषय मिटवा, असं दवाखान्याचं म्हणणं. मीही मान डोलावली. ती म्हणाली, "मना पोटनी गोष्ट कोनले सांगानी, ते मी ठरावसू." मग आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली.

दवाखान्याने उत्तरासोबत संमतिपत्र जोडलं. त्यावर सही होती हितेंद्रची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. अंगावर शाल पडल्याच्या भरात त्याने न वाचता सही ठोकली होती, आणि फ्लेक्स लागल्यावर भीतीने तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. केस बुडाली असं मला वाटलं. दिपमालाने मात्र संमतिपत्रावर बोट ठेवलं. "पेशंट कोन शे?" तिने विचारलं.

पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत हितेंद्र आला. मान खाली.

"सही मनी शे," तो म्हणाला. "पन सुया तिले टोच्यात, मले नही. हाई मी लिखी देस."

ज्याने घोळ घातला तोच आमचा साक्षीदार! मी खुशीत प्रतिज्ञापत्र टाईप केलं, त्याच्यापुढे ठेवलं, पेन दिलं. त्याने कागद बायकोकडे सरकवला.

"पहिले तू वाच."

तिने सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पेन घेऊन एका ठिकाणी काट मारली. मी सवयीने मुलीचं नाव आणि जन्मतारीख घातली होती.

"वकीलभाऊ, हाई कोनले इचारीसन लिखं?"

मी कागद पुन्हा टाईप करायला घेतला.