दसऱ्याचा लाल रंग

अर्धं आयुष्य गाड्यांखाली आडवं पडून गेलं. पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. येणारा प्रत्येक जण आजार स्वतःच ठरवून येतो: बल्ब गेलाय, बदलून द्या. हल्ली मी वादही घालत नाही. खरंच कंटाळा आलाय.

दसरा नुकताच होऊन गेला होता. दिंडोरीकडची एक बाई दुपारी पिकअप घेऊन आली. फुलं मार्केटला तीच नेते. आधी नवरा न्यायचा. गाडीचे मागचे दिवे बंद असताना पाठीमागून ट्रक धडकला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला.

"दादा, किती बल्ब बदलले, तरी ब्रेक दाबला की मागचे दिवे मंद होतात, इंडिकेटर मिणमिणतो. हे लय घाबरलेत. म्हणतात, आज नाय झालं तर गाडी विकून टाकू. मग मी घरीच बसायचं का?"

स्टिअरिंगवरचा तिचा हात काही सुटत नव्हता.

बल्बचा दोष नव्हताच. दिव्यात गेलेला करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत यावा लागतो. ती वाट अडली की तो शेजारच्या दिव्यात घुसतो. बॅटरीच्या निगेटिव्हवरून सुटी वायर आणून दिव्याला टेकवली, तर सगळं लख्ख. म्हणजे दोष अर्थिंगचा, त्या परतीच्या वाटेचा. पाठ धरली होती, तरी पुन्हा खाली शिरलो. दिव्याची काळी वायर चासीला आवळतात तो बोल्ट खोलला. खाली लाल रंगाचा जाड थर; त्यातून करंट जाणार कसा?

"कुणा शहाण्यानं इथं रंग मारला?" मी वैतागून ओरडलो.

"यांनीच. दसऱ्याच्या पूजेआधी. पाय लांब करून बसले, दिवे खोलले अन् पार आतपर्यंत मारला. म्हणले, तुझी गाडी मागच्याला लांबून दिसली पाहिजे."

मला माझ्या शब्दाची लाज वाटली. पॉलिश पेपरनं वायरपुरता रंग घासला, उघड्या लोखंडावर बोल्ट आवळला. तिनं ब्रेक दाबला. दिवे ठणठणीत.

"दादा, यांना नका सांगू," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आलाच.

"काय निघालं हो?"

"उंदरानं वायर कुरतडली होती."

"रंगाला काय धक्का नाय ना लागला?"

"नाही," मी म्हणालो. "लांबून दिसते गाडी."