नदीकाठचा किल्ला मी डोंगरावर बांधला

हे मी कुणालाच बोललेले नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हालाच का सांगतेय? खरंच कळत नाही.

मी आठवीत शाळा सोडली. ह्यांनी माझं शिक्षण कधी काढलं नाही — लग्नाच्या वेळी नाही, सिंगापूरला आणलं तेव्हा नाही, पुंगोलला, आमच्या वस्तीत, शिकलेल्या बायकांत मी गप्प बसते तेव्हाही नाही. ते उपकार फिटायचे नाहीत. पण ईराला, आमच्या लेकीला, यातलं काही माहीत नव्हतं. आई कॉलेजात गेली असणार, असं ती धरून चालायची. मी चालू दिलं. खोटं म्हणजे तोंडाने बोललेलंच असावं लागतं का?

ती तेव्हा प्रायमरी फोरला, म्हणजे चौथीत होती. कॅनडातल्या कुठल्याशा दूरच्या नदीवरचा जुना किल्ला — त्याचं शाळेसाठी मॉडेल करायचं होतं. माहितीची दोन पानं इंग्रजीत. हे ऑफिसला निघताना हळूच म्हणाले, "फोनवर मराठी करून घे, मग तिला सांग." पण फोन धरला असता तर ईराला दिसलं असतं ना — आईला येत नाही ते?

आणि किल्ला तर मला येतो! माहेरी दर दिवाळीला करायचो. मी डोंगर केला, बुरुज केले, तोफा ठेवल्या, उतारावर मोहरी पेरली. हिरवीगार उगवलीसुद्धा.

"आई, तू रीड केलंस ना? माउंटनवर होता?"

"हो गं, वाचलंय मी."

हेच ते. एवढंच.

वर्गात मुलं हसली. त्या खऱ्या किल्ल्यावर लढाई नव्हतीच म्हणे. नदीकाठी सपाटीवर ओंडक्यांचं कुंपण, आत गोदाम. बर्फ वितळलं की होड्या यायच्या. बीव्हर नावाच्या नदीतल्या केसाळ प्राण्याची कातडी देऊन लोक भांडी, ब्लँकेटं न्यायचे. एका पोराने विचारलं, "देन बोट हाउ टु क्लाइम्ब अप?"

संध्याकाळी हे तिच्यावर चिडले. "आईने नीट सांगितलं असेल, तूच ऐकलं नसशील." मग माझ्याकडे वळले, "हो ना गं?"

मी म्हटलं, "सांगत होते मी तिला."

ईराने माझ्याकडे पाहिलं. रागाने? नाही. मग कशाने — ते मला आजही सांगता येत नाही. "सॉरी बाबा," म्हणाली.

आता ती मोठी झालीय. लिफ्टमधली नोटीस, हॉकरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरचा बोर्ड, सगळं मला मराठीत वाचून दाखवते. सहज असेल. नसेलही. कधी वाटतं, ती दोन पानं तर तेव्हा तिलाही वाचता येत होती. वाचली असतील का तिने? आणि तरी मोहरीला रोज पाणी घालत राहिली?

माहीत नाही. माहीत आहे ते इतकंच — ते "सॉरी" माझं होतं. मी ते तिला म्हणू दिलं, आणि कणीक मळत राहिले.